तलाव सुशोभीकरण नको, चिखल हवा

कुठल्याही फ्लेक्सवर 'तलाव सुशोभीकरण' एवढं वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. फ्लेक्सवरचे पुढारी हात जोडून हसत असतात आणि मला पुढचं सगळं दिसायला लागतं. काठाला उभी दगडी भिंत, वर पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, मधोमध कारंजं, रात्री निळे-जांभळे दिवे. ओपन जिम तर असतेच. नसतो तो फक्त चिखल. आणि रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून आपण जे बघायला जातो, ते बहुतेक सगळं त्या चिखलाच्याच जिवावर जगतं.

तळ्याच्या मध्यावर तसं फार काही नसतं. पाणकावळे असतात, एखादी टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते. खरी वर्दळ काठाला. तुतारी नावाच्या चिमुकल्या पक्ष्याला जेमतेम पाय भिजतील एवढंच पाणी लागतं, शेकाट्याला त्याहून थोडं खोल, राखी बगळ्याला आणखी खोल. काठ उतरता असेल तर दहा पावलांत या सगळ्यांची सोय होते. भिंत बांधली की पाणी एकदम खोल, मग ढोकरीने उभं राहायचं कुठे? खंड्या मातीच्या कडेत बोगदा खणून अंडी घालतो, त्याला सिमेंट कसं चालेल? चतुरांची पाण्यात वाढलेली पिल्लं गवताच्या काडीवर चढून कात टाकतात. ते गवत 'घाण' म्हणून आपण सगळ्यात आधी उपटतो.

पवईचंच बघा. 1891 च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव. पाणी पिण्यालायक राहिलं नाही, मगरी मात्र राहिल्या. काही वर्षांपूर्वी पालिकेने काठाने सायकल ट्रॅक बांधायला घेतला. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. माझ्या ओळखीतले सायकलवाले तेव्हा फार हळहळले. मला आनंद झाला आणि मी तो लपवलाही नाही. मगर ऊन खायला काठावर येते, अंडीसुद्धा काठाच्या मातीत खड्डा करून घालते. तिला पर्यायी जागा द्यायला आपल्याकडे दुसरी पवई नाही.

काठ सोडा म्हणजे तळं वाऱ्यावर सोडा असं मी म्हणत नाही. जलपर्णी माजते ती सांडपाण्यावर. ते पाणी अडवा, जलपर्णी काढा, त्यासाठी खुशाल कोट्यवधी खर्च करा. पण गटाराची पाइपलाइन जमिनीखाली जाते, तिच्यासमोर फीत कापता येत नाही. कारंज्यासमोर येते.

लोकांना लहान तळ्यांचं महत्त्व सांगायचं तर फ्लेमिंगोपासूनच सुरुवात करावी लागते, एरवी कोणी ऐकत नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. ऐरोलीहून बोटीने जाता येतं, फोटो झकास येतात. पण भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो. फ्लेमिंगो मान खाली घालून, चोच उलटी करून उथळ पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. खोल पाण्यात त्याचं पोट भरत नाही. मग थवे उठतात आणि जवळच्या उथळ पाण्यावर उतरतात. नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस शाळेजवळचं डीपीएस तळं, तिथल्याच टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ जागा ही त्यातली ठिकाणं. ओहोटी लागली की परत खाडीत. म्हणजे ओहोटीचं जेवण अभयारण्यात आणि भरतीचा आसरा बाहेर. नेरुळची ही तळी अभयारण्याच्या हद्दीत नाहीत. 2024 मध्ये डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या आणि ऐन हंगामात तळं कोरडं पडलं. खाडीला जगभरातली मान्यता असून त्या पक्ष्यांना काय उपयोग झाला?

आणखी छोट्या तळ्यांना तर कोणी वालीच नाही. देशातल्या पाणथळ जागांची उपग्रहावरून मोजणी झाली, तिच्यात सव्वादोन हेक्टरांवरच्या 2,01,503 जागा निघाल्या. त्यांना संरक्षण द्या असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. त्याहून लहान तळी त्या नकाशात नुसते ठिपके. त्यामुळे लोखंडवालाचं तळं असो की तुमच्या गल्लीमागचं डबकं, तिथे नेमाने जाणारी माणसं हवीत. वर्षातून एकदा फ्लेमिंगोसाठी बोटीचं तिकीट काढण्यापेक्षा घराजवळच्या एकाच तळ्यावर वर्षभर जा. पावसाळ्यात, थंडीत, मे महिन्यात पाणी आटतं तेव्हाही. दिसलेलं ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. उद्या कोणी 'इथे काही नाहीच' म्हणून भराव टाकायला आला, तर त्याच्यासमोर ठेवायला तेवढंच असतं.

आपल्या जातभाईंबद्दलही दोन शब्द. कुरव पक्ष्यांना (सीगलना) शेव-गाठ्या घालून रील काढणारे, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला झुडपाबाहेर काढणारे, जवळून फोटो हवा म्हणून चिखलात उतरून सगळा थवा उठवणारे, हे सगळे निसर्गप्रेमीच म्हणवतात. पाच हजारांच्या दुर्बिणीतून पन्नास फुटांवरची ढोकरी व्यवस्थित दिसते हो.

आता हमखास येणारा प्रश्न: डास होतील त्याचं काय? आमच्या सोसायटीतले काका दर वेळी विचारतात. मुंबईत मलेरिया पसरवणारा डास मुख्यतः गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामाच्या साठलेल्या पाण्यात वाढतो, डेंग्यूचा ड्रममध्ये, टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत. तळ्यात मासे आणि चतुरांची पिल्लं डासांच्या अळ्या खात असतात. काकांच्या बाल्कनीत सहा कुंड्या आहेत, प्रत्येकीखाली ताटली. सांगून झालंय.