अनोळखी प्रकाशक

प्रोग्राम लिहिणं एकवेळ जमतं. तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसवताना घाम फुटतो. बेळगावच्या शहापुरातल्या तात्यांच्या साडीदुकानासाठी मी बिलाचा प्रोग्राम लिहिला. तात्यांची अट एकच: "फोल्डर-बिल्डर काय सांगू नकोस. दोनदा टिचकी मारली की बसलं पाहिजे."

म्हणजे इन्स्टॉलर आला. त्याच आठवड्यात बीएस्सीवाल्या भाचीनं फर्मावलं, "मामा, क्वांटमवर कायतरी सोपं वाचायला बघ की. आमच्या पुस्तकातलं डोक्यात शिरेना झालंय."

इन्स्टॉलर बनवायचं साधन म्हणून मी इन्नो सेटअप धरलं: १९९७ पासूनचं, फुकट, आणि स्क्रिप्ट वाचली तर कळते. पण जाणकार मित्र गप्प बसतात होय? एक म्हणाला, त्यापेक्षा एनएसआयएस घे, गाणी वाजवणाऱ्या विनॅम्पवाल्या नलसॉफ्टचं आहे. उघडून बघतो तर पुश, पॉप, डॉलर-शून्य, डॉलर-एक असल्या आज्ञा. दुसरा पुण्यात आयटीत. त्याच्या मते सभ्य माणसं विक्स हे तिसरं साधनच वापरतात. त्यात सगळं एक्सएमएलमध्ये लिहायचं, ओळखीसाठी जागोजागी ३२ आकड्या-अक्षरांचे क्रमांक, आणि त्यातून एमएसआय, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीचा इन्स्टॉलर निघणार. एमएसआयचा एक गुण मात्र मान्य: बसवताना मध्येच बिघडलं, तर केलेलं सगळं उलटं फिरवून तो मशीन पूर्ववत करायला बघतो. आमच्याकडच्या गवंड्यांना हे शिकवायला हवं.

क्वांटमच्या सोप्या पुस्तकांची तऱ्हा वेगळी. काहींत १९००चा प्लांक, १९१३चा बोर असं रमतगमत चालतं आणि तिसऱ्या प्रकरणात न सांगता हिल्बर्ट स्पेस नावाचं अवघड गणित येतं. काहींत समीकरण औषधालाही नाही, पण शेवटी ध्यानधारणा निघते. अखेर भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनचं १९८५चं 'क्यूईडी' मिळालं. प्रकाश जाऊ शकेल अशा प्रत्येक वाटेसाठी एक छोटा बाण काढायचा, सगळे बाण जोडायचे, आणि जो एकच बाण उरेल त्याच्या लांबीचा वर्ग म्हणजे शक्यता. भाची खूश. मलाही कळलं, हे विशेष.

इन्नोचीच सेटअप फाइल घेऊन दुकानात गेलो. भाचीही आली. तात्यांनी टिचकी मारली आणि पडद्यावर निळी चौकट: प्रकाशक अनोळखी.

"अनोळखी कोण रे? तुझ्या बापाला ओळखतो मी!"

प्रकाशकाची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र मुदत संपली की पुन्हा विकत घ्यावं लागतं, आणि त्याची किंमत तात्यांनी मला दिलेल्या पैशांहून जास्त आहे, हे मी सांगितलं नाही. 'अधिक माहिती'च्या आड दडवलेलं 'तरीही चालवा' शोधून दाबलं.

फाइली उतरेपर्यंत भाचीनं तात्यांना श्रोडिंगरचं १९३५चं मांजर ऐकवलं. पेटी उघडून बघेपर्यंत ते जिवंतही आणि मेलेलंही.

तात्या साडीची घडी घालतच म्हणाले, "ह्यात काय शिकायचं? आपलं गाव १९५६ पासून तसंच की. २००४ला महाराष्ट्रानं पेटी सुप्रीम कोर्टात नेऊन ठेवलीय. अजून कोण उघडीना."

तेवढ्यात प्रोग्राम सुरू झाला आणि त्यानं पहिलाच प्रश्न विचारला: राज्याचा जीएसटी कोड? २७ महाराष्ट्र की २९ कर्नाटक?

मी तात्यांकडे बघितलं.

"बघत काय बसलास? २९ घाल. आणि गडहिंग्लजच्या पार्टीला परराज्याचा आयजीएसटी लागतो का बघ, नाहीतर नोटीस यायची!"