उलट्या म्हणजे ‘विष बाहेर पडणं’ नव्हे!

“स्टेरॉईड म्हणजे गोड विष. आजच बंद करा, 7 दिवसांत शरीर शुद्ध!” असा लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. फिरेना का, म्हटलं असतं. पण तो मावशीपर्यंत पोचला. आमवातासाठी तिला वर्षभर प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी चालू आहे. “उद्यापासून सोडूनच देऊ का रे?” तिने विचारलं आणि माझं डोकं सणकलं.

सगळ्यात घातक वाक्य आधी. “सुरुवातीला उलट्या, चक्कर, गळाठा आला तर घाबरू नका, विष बाहेर पडतंय.” अहो, कसलं विष? मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, बनवतात. गोळीतून त्याची सोय आयती होऊ लागली की मेंदूकडून येणारा हुकूम थांबतो आणि ग्रंथी सुस्तावतात. त्यांना पुन्हा जागं व्हायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. मधेच गोळी तोडली तर गोळीतलं गेलं आणि घरचं अजून सुरू नाही. रक्तदाब कोसळू शकतो, रक्तातलं सोडियम उतरू शकतं, वेळेत हायड्रोकॉर्टिसोनचं (हेही स्टेरॉईडच) इंजेक्शन मिळालं नाही तर माणूस दगावूही शकतो. ज्या लक्षणांवर धावत दवाखाना गाठायचा, त्यांनाच हा महाभाग बरं होण्याची खूण म्हणतो!

“शेजाऱ्याने सोडली, काही झालं नाही” हेही त्यात आहे. झालं नसेलच. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोक्रायनॉलॉजी आणि एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनांच्या 2024 च्या संयुक्त मार्गदर्शक सूचना सांगतात, की 3-4 आठवड्यांपेक्षा कमी काळ घेतलेली गोळी टप्पे न करताही थांबवता येते. त्याहून जास्त काळ चालली असेल तर मूळ आजार आटोक्यात आहे ना हे बघत डोस हळूहळू उतरवायचा. शरीराची रोजची गरज प्रेडनिसोलोनच्या हिशेबात साधारण 4 ते 6 मिलिग्रॅम. तिथवर आल्यावर तर आणखी जपून. मधे ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं, तर डोस उलट वाढवावा लागू शकतो. तो किती, हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शनच लागतं.

मेसेज म्हणतो, हाडं ठिसूळ होतात, साखर चढते, मोतीबिंदू होतो, चेहरा सुजतो. बरं बाबा, हे खरं. हाडांची झीज तर पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. म्हणूनच डोस कमीत कमी ठेवायचा आणि हाडं, साखर, डोळे तपासत राहायचं. चिठ्ठीवर 1-0-0 खरडून यातलं काहीच न सांगणाऱ्या डॉक्टरांवर माझाही राग आहे.

बॉडीबिल्डरवाले स्टेरॉईड वेगळे, त्यांचा इथे संबंध नाही. दम्याच्या इनहेलरमधला स्टेरॉईडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे अगदी थोडा असतो. वापरून झाल्यावर चूळ भरा. तोही मनाने बंद करू नका.

मेसेजच्या शेपटीला ‘स्टेरॉईडमुक्त’ चूर्णाची जाहिरात आहेच. अशा बेनामी चूर्णांत गुपचूप स्टेरॉईडच मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत अनेकदा सापडलंय. कुणी ते महिनोन्‌महिने घेत असेल आणि गुडघे जादूने मोकळे झाले असतील, तर पुडीसकट डॉक्टरांकडे जा. आणि हो, तेही एकदम बंद करू नका.