तडकलेली काच म्हणजे जाळपोळीचा पुरावा नव्हे

चाळीतल्या आगीचे फोटो दाखवून ‘काचेवर जाळीसारखे तडे आहेत, म्हणजे पेट्रोल ओतूनच आग लावली’ असा मेसेज मुंबईतल्या ग्रुपवर फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. तापलेल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं की ती झटकन निवते आणि अशीच बारीक जाळी उठते. अमेरिकेत 1991च्या ओकलंड वणव्यात जळालेल्या घरांतही ती सापडली. तिथे कुणी पेट्रोल ओतलं नव्हतं. फरशीवरच्या काळ्या डागांचंही तेच. छताखालचे तापलेले वायू पेटून अख्खी खोली भडकली की जमीनही जळते. पेट्रोल होतं का, हे राखेचे नमुने हवाबंद डब्यातून कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेल्यावर तपासलं जातं. घर जाळण्याच्या गुन्ह्याला जन्मठेपही होऊ शकते. इतका गंभीर आरोप फोटो बघून शेजाऱ्यावर करू नका. मेसेज पुढे पाठवला असेल, तर आजच काढून टाका.