एक स्टार मान्य : कोकम-भुईआवळा काढ्याबद्दल ताईंना उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की रोज पिणाऱ्या मिस्टरांना आमच्या काढ्याच्या दोन बाटल्या पाजल्या, 640 रुपये गेले, फरक शून्य, उलट पाय सुजलेत. आणि दुकानातल्या मुलाने ‘लिव्हर साफ होतं’ असं सांगितलं होतं.

आधी पायांचं बोलू. काढा आजच बंद करा. त्यात निम्मं आगळ असतं, म्हणजे कोकमाला मिठात मुरवून सुटलेला रस. सोलकढीत थोडं पडतं तेव्हा ठीक; रोज दोनदा अर्धी वाटी म्हणजे मीठच पोटात. रोज पिणाऱ्याचे पाय सुजतात ते यकृत थकल्यामुळे असू शकतं, आणि अशा वेळी डॉक्टर सगळ्यात आधी मीठ तोडायला सांगतात. या एक-दोन दिवसांत त्यांना दाखवाच. डोळे पिवळे दिसले, शौचाला काळी झाली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर मग तासाचीही वाट पाहू नका.

मुलाला बोल लावणार होतो, पण तो बिचारा माझीच पाटी वाचून दाखवत होता. ‘पार्टीनंतर दोन झाकणं, यकृत ताजंतवानं!’ बाटलीवर मी कुठल्याही रोगाचं नाव घालत नाही, कायदा ठाऊक आहे. फळीवर मात्र हात सैल सुटला. पाटी काल उतरवली.

खरं एवढंच आहे की दारूने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं, म्हणून सकाळी कोकमाचं सरबत बरं वाटतं. लिंबूपाण्यानेही वाटतं. 30 मिलीचा एक पेग निचरायला यकृताला तासभर तरी लागतो, आणि कुठलाही पाला त्याला घाई करू शकत नाही. भुईआवळा आमची आजी काविळीला ताकातून द्यायची, पण रोज क्वार्टर रिचवणाऱ्यावर तो उतारा नव्हे. आता दुसऱ्या कुणाच्या पुडीकडेही वळू नका. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, पण आधीच दुखावलेल्या यकृतावर मी तरी प्रयोग करणार नाही.

‘पाणी घातलंय’ हा आरोप तेवढा घेत नाही. काढा पातळच असतो. तळाला बसतो तो भुईआवळ्याचा गाळ.

आणखी एक. रागाच्या भरात त्यांची बाटली एका दिवसात तोडू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रमही होतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986पासून हेच काम करतंय, तिथे घरच्यांशीही बोलतात.

640 रुपये परत देतोय. बिल नसलं, बाटल्या टाकून दिल्या असल्या तरी चालेल. मुलाला सांगून ठेवलंय, तो काही विचारणार नाही.