दुर्बिणीच्या ऑपरेशनवरचा तो मेसेज पुढं पाठवू नका, आणि पोटरी तर अजिबात चोळू नका

‘गुडघ्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालंय? डॉक्टर हे सांगणार नाहीत!’ अशा मथळ्याचा लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडं तो आधीही आला होता, मी बघून सोडून दिला. पण परवा मावसबहिणीचा फोन आला आणि तिनं थेट विचारलं, “अगं, पोटरीला तेल कुठलं लावू? तिळाचं का एरंडेल?”

तिचा मुलगा पेठेच्या संघातून फुटबॉल खेळतो. मॅचमध्ये पाय रोवलेला असताना अंग फिरलं आणि गुडघ्यातलं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) तुटलं, सोबत गादीही (दोन हाडांमधली कूर्चेची चकती, मेनिस्कस) फाटली. नुकतंच ऑपरेशन झालं. घरात डिस्चार्ज कार्ड आहे, त्यावर डॉक्टरांचा नंबर आहे, एक फिजिओथेरपिस्ट मावशी, म्हणजे मी, गावातच आहे. तरी ताईचा विश्वास बसला तो मेसेजवर. “एवढं सविस्तर लिहिलंय, खोटं कशाला लिहील कोण?” हे ऐकून राहवेना, म्हणून हे लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दुर्बिणीच्या ऑपरेशनात आत जखम नसते, तिसऱ्या दिवशी कामाला लागा. गुडघ्याखाली जाड उशी घेऊन झोपा. सूज दिसली की तापल्या विटेनं शेका. पोटरीत गोळा आला तर गरम तेलानं चोळून तो मोडा. भात, दही, वांगं बंद करा, त्यानं पू होतो. पायाचं सूप पिऊन गुडघ्यात वंगण भरा. फिजिओथेरपी हा पैसे काढायचा धंदा आहे. खेळाडू दोन महिन्यांत मैदानात उतरू शकतो. आणि शेवटी, मुळात हे ऑपरेशनच फसवणूक आहे, चूर्ण खाऊन गुडघा बरा होतो.

मी पोटरीपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या सल्ल्यांनी गुडघा बिघडेल, या सल्ल्यानं माणूस जाऊ शकतो.

पायातलं रक्त वर हृदयाकडं चढतं ते बऱ्याच अंशी पोटरीच्या जोरावर. आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो, सुटतो आणि आतल्या शिरांमधलं रक्त वर ढकलतो. ऑपरेशननंतर पाय हलत नाही, माणूस अंथरुणाला खिळतो, रक्त संथ होतं आणि कधीकधी खोलवरच्या शिरेत गोठतं. मग पोटरी ताठ होते, दुखते, गरम लागते, दुसऱ्या पायापेक्षा जाड दिसते. मेसेजवाल्यानं ज्याला ‘गोळा’ म्हटलंय तो अशी गुठळी असू शकतो. आणि तो काय सांगतो? चोळून मोडा!

मोडली तर ती जाते कुठं, हे त्यानं लिहिलेलं नाही. शिरेतून वर, हृदयाच्या उजव्या बाजूत आणि तिथून फुप्फुसात. तिथं ती अडकली की अचानक धाप लागते, छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडू शकतं. गुठळी मोठी असेल तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हे क्वचित होतं, हे खरंय. पण ज्याला पूर्वी गुठळी झालीय, जी बाई गर्भनिरोधक गोळ्या घेते, ज्याचं वजन जास्त आहे, त्याला धोका वाढतो. अशा वेळी एकच करायचं: पोटरीला हात न लावता डॉक्टरांना फोन. डॉपलर सोनोग्राफीत (शिरांमधलं वाहतं रक्त दाखवणारी तपासणी) गुठळी दिसते आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी तिच्यावर इलाज होतो. त्या गोळ्याही स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत.

इथं मला आमच्या गावाबद्दल एक बोलायचंय. कोल्हापूर तालमींचं गाव. मालिश म्हणजे इथं अर्धी दवा. जोर-बैठकांनी आखडलेल्या पैलवानाच्या अंगावरून वस्तादांचा हात फिरला की तो ताजा होतो, हे मी लहानपणापासून बघितलंय आणि त्या हाताबद्दल मला आदर आहे. पण तो हात धडधाकट अंगासाठी आहे. ऑपरेशन झालेल्या पायावर तो चालत नाही, आणि जाणता वस्ताद तुम्हाला हेच सांगेल.

गुठळी होऊ नये म्हणून काय करायचं? पाऊल. आडवं पडल्या पडल्या पाऊल स्वतःकडं ओढायचं, मग पुढं दाबायचं. दिवसभरात जाग असेल तेव्हा तासातासाला थोडा वेळ. याला तेल लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि पोटरीचं काम पोटरीच करते.

आता उशी. ही चूक मेसेज न वाचताही घरोघरी होते. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, कारण सुजलेल्या सांध्याला थोडं वाकून राहायला आवडतं. पण तसं आठवडाभर निजलं की गुडघा पूर्ण सरळ व्हायचं विसरतो. पाय चार-पाच अंश जरी वाकलेला राहिला तरी माणूस लंगडतो, मांडीचा स्नायू सतत ओढून धरावा लागतो आणि वाटीपाशी दुखायला लागतं. नंतर तो गुडघा सरळ करून घेताना पेशंटच्या डोळ्यांत पाणी येतं. पाय उंच ठेवायचाच आहे, पण उशी टाचेखाली आणि पोटरीखाली घ्या, गुडघ्याची मागची बाजू मोकळी राहू द्या.

तापल्या विटेबद्दल. दुर्बीण आत घालताना सांधा फुगवायला सलाइनचं पाणी सोडतात. त्यातलं थोडं मागं राहतं, त्यात थोडं रक्त मिसळतं, म्हणून पहिल्या दिवशी पट्टी गुलाबी ओली झाली तरी घाबरायचं नाही. पाय हलवला की आत गुळगुळ आवाजही येतो. पुढं काळं-निळं खाली उतरत पोटरीपर्यंत, घोट्यापर्यंत येतं. संध्याकाळी सूज जास्त, सकाळी कमी, असं कित्येक आठवडे चालतं. यात बिघडलेलं काही नसतं. पण ताज्या सुजेवर वीट ठेवली की रक्तपुरवठा वाढतो आणि सूजही. शिवाय चिरेच्या आजूबाजूची कातडी बऱ्याचदा बधिर असते, तिला चटका कळत नाही. भाजल्याचा फोड उठलेला गुडघा घेऊन आलेला पेशंट मी स्वतः बघितलाय. बर्फ लावा, तोही फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा.

‘आत जखम नसते’ हे वाक्य मात्र सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे. बाहेर बोटाच्या पेरापेक्षा लहान दोन-तीन चिरा दिसतात म्हणून लोकांना वाटतं, दुर्बिणीचं म्हणजे किरकोळ. अहो, दुर्बीण हा फक्त आत जायचा दरवाजा आहे. आत काय केलं त्यावर पुढचं सगळं ठरतं. गादीचा फाटका तुकडा नुसता कापून काढला असेल तर पेशंट बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाय टेकवून चालतो, बैठ्या कामाला आठवड्या-दोन आठवड्यांत जातो आणि बहुतेक हालचाली सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होतात. तीच गादी टाके घालून शिवली असेल तर साधारण चार ते सहा आठवडे कुबड्या, ब्रेस (गुडघ्याला धरून ठेवणारा पट्टा), गुडघा नव्वद अंशांपलीकडं वाकवायचा नाही, मांडी घालायची नाही, भारतीय संडासात बसायचं नाही. लिगामेंट नवीन बसवलं असेल तर हिशेब महिन्यांचा. दोन शेजाऱ्यांची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली, चिरा सारख्याच दिसतात, एक रंकाळा तलावावर फिरतोय आणि दुसरा अजून कुबड्यांवर, म्हणजे दुसऱ्याचं बिघडलं असं नाही. शेजाऱ्याशी तुलना करून कुबड्या टाकू नका. डिस्चार्जच्या वेळी सरळ विचारा: गादी कापली की शिवली? पायावर किती भार द्यायचा? किती वाकवायचा? उत्तर कार्डावर लिहून घ्या.

गाडीचंही त्यावरच. पाय झटकन ब्रेकवर जात नाही आणि झोपेच्या, दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत तोवर दुचाकी-चारचाकी बंद. साध्या ऑपरेशननंतर एक ते तीन आठवडे, उजवा गुडघा असेल तर जास्त धरून चाला. आपल्या जुन्या घरांचे जिने उभे असतात, त्यासाठी एक लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

‘हे ऑपरेशनच फसवणूक आहे’ या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, आणि ते मला मान्य करावं लागतंय. 2002 साली ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी एक धाडसी अभ्यास छापला. गुडघे झिजलेल्या 180 जणांचे तीन गट केले. काहींचा सांधा दुर्बिणीतून धुतला, काहींचा घासून साफ केला आणि काहींना नुसत्या कातडीवर चिरा देऊन परत पाठवलं. कुणाचं काय केलं हे पेशंटला माहीत नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा केला, तिन्ही गटांत दुखण्यात फरक नाही! पुढं आणखी अभ्यास झाले आणि 2017 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनी झिजलेल्या गुडघ्यासाठी दुर्बीण वापरू नका अशी ठाम शिफारस केली. त्यामुळं साठीच्या आजीला, एक्स-रेत झीज दिसत असताना, कुणी ‘दुर्बिणीतून साफ करून घेऊ’ म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. मेसेज तेवढ्यावर थांबला असता तर मी त्याला हात जोडले असते.

पण झिजलेल्या गुडघ्यावरचा निष्कर्ष त्यानं तुटलेल्या लिगामेंटला लावला. धावता-धावता गुडघा निसटणारा विशीतला पोरगा, किंवा फाटलेली गादी मध्येच अडकून पाय कुलपासारखा बंद झालेली बाई, यांचा त्या अभ्यासाशी संबंधच नाही. चूर्ण खाऊन लिगामेंट जोडलं जात नाही.

फिजिओथेरपी हा धंदा आहे का? मी त्याच धंद्यात आहे, तेव्हा माझं ऐकू नका, स्वतः बघा. ऑपरेशन झालेला पाय सरळ ठेवा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घ्या आणि गुडघा अंथरुणाकडं दाबा. वाटीच्या वर, आतल्या बाजूला, बोटं ठेवून बघा. चांगल्या पायात तिथं कडक गोळा उठतो. ऑपरेशनच्या पायात पहिल्या दिवसांत बहुतेकदा काहीच उठत नाही, माणूस जीव तोडून दाबतो आणि बोटांखाली नुसतं मऊ मांस. सुजलेला सांधा मांडीच्या स्नायूला गप्प करतो आणि काही आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. तो स्नायू परत जागा करणं, सरळ पाय उचलणं, टाच सरकवत गुडघा वाकवणं, हे रोज दोन-तीन वेळा करायचं काम आहे. शिकून घेतलंत तर बरंचसं घरी, फुकट होतं. विजेच्या शेकावर आणि मशिनवर महिनोन्महिने बिलं करणारे माझ्या व्यवसायात नाहीत असं मी म्हणणार नाही. तिथं प्रश्न विचारा. पण व्यायाम सोडू नका.

दोन महिन्यांत मैदानात? हे वाचून माझा संताप झाला, कारण शाहू स्टेडियमवर खेळणारी पोरं हे वाचतात आणि सीझन चुकेल या भीतीनं मानतातही. नवीन लिगामेंट म्हणून जो स्नायुबंध आत बसवतात तो पहिल्यांदा बऱ्यापैकी मजबूत असतो. मग शरीर त्यात नवा रक्तपुरवठा रुजवतं आणि त्या काळात तो उलट कमकुवत होतो. हे साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान. नेमकं तेव्हाच दुखणं गेलेलं असतं, चाल सुधारलेली असते आणि पोराला वाटतं, झालो बरा. मेसेजचे ‘दोन महिने’ म्हणजे बरोबर तोच काळ. 2016 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका पुढं ढकलला, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्यानं घटला. नऊ महिने झाले तरी नुसतं कॅलेंडर बघून उतरायचं नाही. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के भरल्या पाहिजेत. भाच्याला हे मी तोंडावर सांगितलंय. तो रुसलाय, रुसू दे.

खाण्यावर फार लिहीत नाही. भात-दह्यानं पू होत नाही. पायाचं सूप आवडत असेल तर प्या, पण ते पोटात पचतं, गुडघ्यात जाऊन वंगण बनत नाही. जखम भरायला आणि मांडी धरायला प्रथिनं लागतात, ती अंडी, डाळ, दूध, मटण कशातूनही मिळतील. तंबाखू-सिगारेट बंद ठेवा, त्यानं जखम भरायला उशीर लागतो. हे मात्र त्या मेसेजमध्ये कुठंही नव्हतं.

ताईच्या फ्रिजवर मी एक कागद चिकटवून आलेय, तोच इथं देते. थंडी वाजून ताप. टाक्यांतून पू किंवा सतत पाणी. दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, गुडघा लालभडक आणि गरम. पोटरी ताठ, दुखरी, दुसरीपेक्षा जाड. पायाची बोटं निळी, थंड. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करायचा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनवर वेळ घालवायचा नाही, 108 ला फोन करून थेट मोठ्या दवाखान्यात जायचं, आणि तिथल्या डॉक्टरांना आत शिरल्या शिरल्या सांगायचं की गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.