वादी-प्रतिवादी

"हेड आलंय साहेब, खाली या," असा फोन आला तेव्हा मी जेवत होतो आणि फोन स्पीकरवर होता. तव्यावरची भाकरी उलटता उलटता बायकोनं विचारलं, "कुणाचं हेड?"

"मशीनचं. हेड वेगळं येतं, टेबल-मोटर वेगळी."

"बरं झालं. आधीचं चालत नव्हतंच."

हेड म्हणजे शिलाई मशीनचा वरचा, ओतीव लोखंडाचा भाग. आमच्या लिफ्टमध्ये 'जड सामान नेऊ नये' अशी पाटी आहे आणि ती लावायच्या ठरावावर कमिटी मेंबर म्हणून माझीच सही आहे. टेंपोवाल्या दोघांनी मग ते जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर चढवलं. प्रत्येक मजल्यावर ते टेकवलं गेलं आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी दार उघडून विचारलं, "काय, दुकान काढताय का?" मी सगळ्यांना खरं तेच सांगितलं. पट्टा शिवायचाय. एक.

पट्ट्याचं असं झालं, की अस्सल चामड्याचा म्हणून मी जो घेतला होता तो दीड वर्षात भाजलेल्या वांग्यासारखा सोलून निघाला. आत पुठ्ठ्यासारखा काहीतरी लगदा होता. त्या रागात मी कोल्हापूरला गेलो. म्हणजे गेलो होतो अंबाबाईच्या दर्शनाला, पण राग बरोबर होता. तिथं एका कारागिराच्या ओट्यावर तासभर बसलो. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं, लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून ठोकलेलं, आणि शिवण चक्क चामड्याच्याच बारीक वादीनं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून, वगैरे माहिती मी त्यांना दिली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग मी विचारलं, "मशीन कुठलं वापरता?" त्यांनी हातातली भोकं पाडायची आरी किंचित वर केली आणि पुन्हा कामाला लागले.

तिथं मला अक्कल यायला हरकत नव्हती. मी साडेचार मिलिमीटर जाडीचं कातडं गुंडाळून पुण्याला घेऊन आलो.

मी बँकेत काम करतो. हत्यार म्हणाल तर स्टेपलर आणि पंचिंग मशीन एवढाच माझा अनुभव. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत यादी घेऊन गेलो आणि वाचायला लागलो : एज बेव्हलर, प्रिकिंग आयर्न, स्टिच ग्रूव्हर, स्कायव्हिंग नाइफ... दुकानदारानं तिसऱ्या नावाला हात वर केला. "चप्पल-पर्सचं काम आहे ना? मग आरी, रापी, टोचा असं सांगा ना." त्याच्याकडे मिळालं ते तिथून घेतलं, उरलेलं घरबसल्या मागवलं. टाक्यांची भोकं समान अंतरावर पाडायची दातेरी छिन्नी तीन मिलिमीटरची आणि चार मिलिमीटरची, दोन्ही घेतल्या. त्यांना लोखंडी हातोडीनं ठोकलं की त्यांची डोकी कुत्र्याच्या छत्रीसारखी पसरतात हे कळल्यावर लाकडी मोगरी आली. मोगरीखाली ठेवायला ओट्याच्या कामातून उरलेला ग्रॅनाइट आला. ग्रॅनाइटवर ठोकल्याचा आवाज आल्यामुळे दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी आले.

खरी परीक्षा रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या-तासायच्या पात्यानं, घेतली. आमच्या चौकात चपला दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांची रापी लोखंड कापायच्या जुन्या एक्सा ब्लेडपासून केलेली, मुठीला कापडाची चिंधी गुंडाळलेली. तिनं ते कातड्याची कड अशी पातळ करतात, की काढलेला पापुद्रा उन्हात धरला तर पलीकडचं दिसावं. माझी रापी पेटीत आली होती, आत मखमल. काकांनी ती अंगठ्यावर आडवी फिरवून बघितली आणि म्हणाले, "कांदा चांगला कापंल."

मग मी धार लावायला शिकलो. हजार नंबरचा दगड, तीन हजारांचा, आठ हजारांचा, शेवटी लाकडी फळीला चिकटवलेल्या चामड्यावर हिरवी पेस्ट लावून त्यावर ओढायचं. कोन बदलायचा नाही, दाब बदलायचा नाही, श्वाससुद्धा बेतानं. धार आली का हे बघायची पद्धत म्हणजे डाव्या हातावरचे केस. न ओरबाडता निघाले की झालं. पंधरा दिवसांत माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत झाला. उजवा होता तसाच. कॅशमधल्या मॅडमनी हळूच विचारलं, "सलाईन लावलं होतं का हो? बोलला नाहीत काही."

काकांची तक्रार वेगळीच होती. "तुम्ही धार गेल्यावर लावता साहेब. जायच्या आदी लावायची." ते दर पाच-दहा मिनिटांनी रापी बाजूच्या कातड्याच्या तुकड्यावर दोनदा मागं ओढतात, बोलता बोलता, गिऱ्हाइकाकडे बघत. मी मात्र दर रविवारी तीन दगड पाण्यात भिजत घालत होतो. बायको त्यांना साबुदाणे म्हणते.

पावसाळा आला आणि हत्यारं गंजली. एका रात्रीत. सकाळी उठून पुसली, मशीनचं तेल लावलं आणि त्याच हातानं ओल्या कातड्याची कड दाबून बघितली. पाच मिनिटांत तिथं माझा अंगठा उमटला. काळाकुळकुळीत, रेघन् रेघ मोजता येईल असा. बँकेत इतका स्वच्छ अंगठा मी कधी पाहिला नव्हता. कारण साधं आहे : कातडं हिरड्यात कमावलेलं, हिरड्यात टॅनिन, त्याला लोखंड भेटलं की काळी शाई होते. जुन्या काळी हिरडा आणि लोखंड घालून लिहायची शाई अशीच करत. मी फक्त ती पट्ट्यावर केली. लिंबू चोळलं की डाग फिका होतो हे खरं आहे, आणि घरातली लिंबं कुठं जातात या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे.

हातानं, दोन सुयांनी, दोन्ही बाजूंनी टाका घालत गेलं तर एका संध्याकाळी वीतभर शिवण होते. शिवण मजबूत होते, एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. पण चार फुटांच्या पट्ट्याच्या दोन कडा म्हणजे आठ फूट. गणित केलं आणि माझी नजर आईच्या मशीनकडे गेली.

हे आईचं काळं मशीन, पायडलचं. आमचे शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, अर्ध्या वाड्याचे परकर-पोलके त्यावर झालेले. आई देवळात गेली होती. मी सोळा नंबरची सुई लावली, पट्टा खाली सरकवला आणि पायडल मारलं. सुई आत गेली. बाहेर आली नाही. मी चाक हातानं फिरवलं, जरा जोर लावला, आणि खालून 'फट्' असा आवाज आला. चाकापासून पायडलच्या मोठ्या चाकापर्यंत जी गोल चामड्याची वादी जाते, ती तुटली होती. शिवाय सुईचं टोक पट्ट्यातच राहिलं.

वादी तुटली, तेव्हा ज्यांची तुटली त्या वादी झाल्या आणि मी प्रतिवादी. दोन दिवस एकतर्फी सुनावणी चालली. म्हणजे आई बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी इंडस्ट्रियल मशीनची चौकशी सुरू केली. "फ्लॅटबेड, सिलिंडर आर्म, की पोस्टबेड?" सपाट कामाला पहिलं, पिशवी-पर्सला दुसरं, बुटांना तिसरं. मी बूट करणार नव्हतो, पण 'कधीच करणार नाही' असं विक्रेत्यासमोर म्हणवेना. शेवटी फ्लॅटबेड ठरलं, पण वॉकिंग फूटवालं. साध्या मशीनमध्ये कापड फक्त खालची दातरी ओढते, त्यामुळे जाड चामड्याचा वरचा थर मागं राहतो आणि खालचा पुढं पळतो. वॉकिंग फूटमध्ये दातरी, पाय आणि सुई, तिघं मिळून पालखीच्या भोयांसारखे एका पावलात पुढं सरकतात. "क्लच मोटर की सर्व्हो?" क्लच मोटर बटण दाबल्यापासून गुरगुरतच राहते आणि पायडलला पाय लागला की घाटातून सुटलेल्या एसटीसारखी सुटते. सर्व्हो गप्प असते, सावकाश चालते, महाग असते. सर्व्हो घेतली. हप्त्यानं. शिलाई मशीन हप्त्यानं विकायची शक्कल सिंगर कंपनीनं १८५० च्या दशकातच काढली होती, तेव्हा मी परंपरेला धरूनच वागलो.

दोऱ्याचं आणि सुईचं तर वैरच आहे. सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते, दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो. वीस नंबरचा बाँडेड नायलॉन जाड, चाळीसचा त्याहून बारीक. सुईला पुन्हा दोन नंबर : बावीस म्हणजेच एकशेचाळीस, म्हणजे १.४ मिलिमीटर. मी वीसचा दोरा आणि बावीसची सुई लावून पट्टा खाली घेतला. पहिली वीत अशी गेली, की मी बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत मशीन टाके गाळायला लागलं होतं.

चामड्यात गळलेला टाका लपत नाही. कापडात सुईचं भोक बुजतं, चामड्यात ते जन्मभर उघडं डोळे करून बघत राहतं. मी वरच्या दोऱ्याचं टेन्शन आवळलं, खालच्या दोऱ्याच्या बॉबिन केसचा स्क्रू सैल केला, तेल घातलं. मशीन चार टाके घाली, एक गाळी, दोन घाली, तीन गाळी. शेवटी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि डॉक्टरच्या आवाजात म्हणाले, "टायमिंग गेलंय." सुई सगळ्यात खाली जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर आली, की त्या क्षणी खाली फिरणाऱ्या हुकचं टोक तिच्या खाचेपाशी येऊन दोऱ्याचा फास उचलायला हवं. जरा मागं-पुढं झालं की फास निसटतो. त्यांनी ते जुळवलं, पैसे घेतले, मशीन झकास चाललं. दोन दिवसांनी सुई मोडली, मी नवी लावली, पुन्हा गळती. मिस्त्री पुन्हा आले. पुन्हा टायमिंग, पुन्हा पैसे, पुन्हा झकास. तिसऱ्या खेपेला ते चपला काढतानाच "टायमिंग" म्हणाले.

ते गेल्यावर आई, जी इतके दिवस हॉलमध्ये पेपर वाचायचं नाटक करत होती, ती म्हणाली, "तो येऊन काय करतो?"

"सुई काढतो, टायमिंग लावतो, सुई बसवतो."

"आणि मग तू?"

"मी नंतर सुई बदलतो, मोडली की."

आई उठली. चष्मा कपाळावर सरकवला, कारण जवळचं तिला चष्म्याशिवाय दिसतं, आणि अंगठ्याचं नख सुईवरून खालपर्यंत ओढलं. एका बाजूनं, मग दुसऱ्या. "अरे, लांब पन्हळ एका अंगाला असते आणि खाच दुसऱ्या. खाच हुकाकडे हवी. ही बघ, तुझी खाच खिडकीत बघतेय."

घरगुती मशीनच्या सुईची मान एका बाजूनं चपटी असते, ती सहसा उलटी बसत नाही. या मशीनच्या सुईची मान गोल. कशीही बसते आणि बसली की बरोबरच बसल्यासारखी दिसते. आईनं स्क्रू सैल करून सुई जराशी फिरवली, स्क्रू घट्ट केला आणि म्हणाली, "मार."

एकही टाका गळला नाही. मिस्त्रींना दिलेल्या पैशांचा हिशेब मी त्या क्षणी मनातल्या मनात केला आणि मनातच ठेवला.

पट्टा मात्र गेला होता. दोन्ही कडांना रिकाम्या भोकांच्या रांगा, मध्ये माझा अंगठा. टाकवेना. पण त्या दोन रांगांच्या मधलं कातडं चांगलं होतं. रापी तुकड्यावर दोनदा मागं ओढली आणि त्यातून दोन लांब दोऱ्या कापल्या. लोखंडी पट्टीला भोकं पाडून त्यांतून ओढून ओढून त्या गोल केल्या, तारेच्या आकड्यांनी जोडल्या आणि आईच्या मशीनवर चढवल्या.

आईनं पायडल मारलं. चाक फिरलं. फेऱ्याला दोनदा 'टक्' वाजलं.

"दोन जोड कशाला दिलेस रे?"

"वादीला सहा फूट लागतात आई. पट्टा चारच फुटांचा होता."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "पुढच्या वर्षी एका जोडात होईल."