पाडण्याआधी आवारातून एक फेरी मारा

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, सध्या एकच विषय गाजतोय: चर्च पाडून नवं बांधायचं की नाही. इमारत १९७०च्या दशकातली. सपाट भिंती, उतरतं छप्पर, मनोरा नाही, बाजूला खांबावर एक घंटा. ‘गोडाऊन वाटतं’ असं गटात एकाने लिहिलं आणि त्याला भराभर अंगठे मिळाले. नव्या आराखड्यात दोन उंच मनोरे आहेत, संगमरवरी पायऱ्या आहेत आणि आवारभर पेव्हर ब्लॉक. आज तिथे असलेली झाडं चित्रात कुठेच नाहीत.

मी सतरा वर्षं स्टॉकहोममध्ये राहते. लांब राहणाऱ्याने सल्ले देऊ नयेत, हे मला पटतं. पण ज्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, त्याच्याबद्दल गप्प बसवत नाही.

इथे शहराच्या दक्षिणेला ब्यॉर्कहागेन नावाचं उपनगर आहे. नावातच बर्चची झाडं आहेत. तिथलं सेंट मार्कचं चर्च १९६० साली पूर्ण झालं. मी कॅथलिक आणि ते ल्युथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचं, त्यामुळे माझी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, दुसरीकडे. पण मन शांत करायचं असलं की मी तिथे जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा चर्च समोर असूनही मला पटकन दिसलं नव्हतं. आधी दिसतात बर्चचे पांढरे बुंधे, मग त्यांच्यामागे बसक्या, काळपट विटांच्या भिंती. झाडं होती तशी ठेवून इमारत त्यांच्यामागे उभी केली आहे. आर्किटेक्ट सिगुर्ड लेवेरेन्त्स तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. तरुणपणी त्यांनी आणि गुन्नार आस्प्लुंड यांनी मिळून याच शहरातलं स्कूगशिरकोगोर्डेन हे दफनभूमीचं विस्तीर्ण आवार आखलं होतं. १९९४मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. झाड, चढण आणि वाट यांच्यातूनच प्रार्थना सुरू होते, हे या माणसाला आधीपासून ठाऊक होतं.

माझे बाबा आयुष्यभर गवंडीकाम करत होते. ते इथे आले तेव्हा मी त्यांना हे चर्च दाखवायला नेलं. आत जाण्याआधी ते भिंतीपाशीच थांबले. दोन विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, कुठे कुठे चांगल्या जाड आहेत, आणि भरल्यावर माल गोणपाटाने विटांवरच पुसून घेतलाय. बाबांनी तळहात भिंतीवरून हळूहळू फिरवला आणि म्हणाले, “दर्जा लपवल्या नाहीत गं. एकेक वीट बघून बसवलीय.” मग आत गेल्यावर वर बघत राहिले, कारण छतसुद्धा विटांच्याच छोट्या कमानींचं आहे.

याच लेवेरेन्त्स यांनी दक्षिणेकडे क्लिप्पान गावात १९६६ साली दुसरं चर्च पुरं केलं. तिथे त्यांची अट होती की एकही वीट तोडायची नाही. ज्याने भिंत चढताना पाहिली आहे, त्याला या अटीचं वजन कळेल. कोपरा आला, खिडकी आली, की गवंडी एका फटक्यात अद्धा, म्हणजे अर्धी वीट, काढतो आणि पुढे जातो. अद्धाच बंद केला, की प्रत्येक इंचाचा हिशोब दर्जांमध्ये जुळवावा लागतो. तिथे बाप्तिस्म्यासाठी एक भलामोठा शिंपला आहे, आणि त्यातलं पाणी विटांच्या जमिनीत ठेवलेल्या फटीत थेंब थेंब पडत राहतं. सोनेरी काही नाही, कोरीवकाम नाही. त्या शांततेत थेंबांचा आवाज तेवढा ऐकू येतो.

साधं म्हणजे पैसे संपले म्हणून अर्धवट राहिलेलं, हा समज मला खोडून काढायचाय. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवरचा दस्तऐवज काढला, त्यात पवित्र कलेसाठी नुसत्या थाटापेक्षा उदात्त सौंदर्य शोधा असं सांगितलं आहे. पुढच्या वर्षीच्या सूचनेत वेदी भिंतीपासून सुटी असावी, तिच्याभोवती फिरता यावं, असं आलं. आपलं चर्च याच विचारातून आलेलं आहे. पैसे कमी होते हे खरंच. पण बाकं वेदीच्या तीन बाजूंना मांडली ती गरिबीमुळे नव्हे. शेवटच्या बाकावरूनही मला फादरांचा चेहरा दिसायचा. नव्या आराखड्यात एक लांबच लांब दालन आहे आणि वेदी त्याच्या टोकाला.

आता दुसरी बाजू, आणि ती मी टाळणार नाही. इथे रविवारी बाकं विरळ असतात, तिकडे माणसं मावत नाहीत. पावसात लोक छत्र्या धरून दाराबाहेर उभे राहतात. त्यात माझी पंचाहत्तरीची आत्यासुद्धा असते. इथल्या देखभालीचं गणितही वेगळं आहे. ‘स्वीडनचं चर्च’ ही इथली ल्युथरन धर्मसंस्था २०००मध्ये सरकारपासून वेगळी झाली, आणि जुन्या वास्तू जपण्यासाठी तिला २००२पासून सरकारी मोबदला मिळतो. आपल्याकडे गळकं छप्पर लोकांच्याच वर्गणीतून दुरुस्त होणार. म्हणून ‘स्वीडनकडे बघा’ असं मी म्हणत नाही. इथेही कायद्याचं सरसकट संरक्षण १९३९च्या अखेरपर्यंत बांधलेल्या चर्चनाच आहे. नंतरच्यांपैकी काही मोजकीच निवडली जातात. आधुनिक इमारत ना जुनी म्हणून जपली जाते, ना नवी म्हणून आवडते.

पण पावसात उभ्या असलेल्या माझ्या आत्याला मनोऱ्यांचा काय उपयोग? तिला हवी आहे दोन्ही बाजूंनी रुंद पडवी. बाजूच्या भिंतींत मोठे दरवाजे काढले तर सणाच्या दिवशी आवार आणि चर्च एकच होईल, आणि झाडांखाली बसलेल्यालाही वेदी दिसेल. आम्ही मुलं धर्मशिक्षणाला त्याच झाडांखाली बसायचो. जमीन मऊ होती, पावसाचं पाणी तिथेच जिरायचं. पेव्हर ब्लॉक घातले की पाणी रस्त्याकडे धावणार आणि मे महिन्यात दुपारी तिथे पाय ठेववणार नाही. गाड्यांना जागा हवी, मान्य. ती फाटकाजवळच्या उघड्या पट्ट्यात होऊ शकते. त्यासाठी एकही झाड पाडावं लागत नाही.

पॅरिश कौन्सिलला मी पत्र लिहिलं आहे. छप्पर आणि पडव्यांसाठी माझी वर्गणी देईन, मनोऱ्यांसाठी देणार नाही, हे त्यात स्पष्ट सांगितलं. फादरांचं उत्तर आलं, की मूळ नकाशे सापडत नाहीत, त्यामुळे या इमारतीत काय बदल करता येतील हे कुणालाच सांगता येत नाही. मग आधी मोजमाप तरी करू या. डिसेंबरमध्ये मी तीन आठवडे घरी आहे. बाबांनी त्यांचा ओळंबा आणि टेप काढून ठेवलाय. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळच्या मिस्सेनंतर थांबा, आपण सुरुवात झाडांपासून करू.